लाइनमन गेला, मग तू गेलास

सलीम, तुझ्या मिट्टीला, दफनाच्या वेळी, आपल्या ग्रुपमधला एकही माणूस नव्हता. हे तुला सांगायला दुसरं कोणी धजावणार नाही, म्हणून मी सांगतो. तुझे मामेभाऊ होते, मोहल्ल्यातले लोक होते, दुकानाशेजारचा चहावाला होता, दर निवडणुकीला तुझ्याकडून बॅनर छापून घेणारे दोघं-तिघं होते. पण ज्यांच्यासोबत तू दर सिनेमाला पहिल्या दिवशी पहिल्या शोला बसलास, ज्यांच्यासाठी तिकिटांच्या रांगेत उन्हात उभा राहिलास, त्यांतलं कोणी नव्हतं. मीही नव्हतो. मी पोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते आणि तुझा धाकटा भाऊ इमरान नळावर हात धूत होता.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. त्या दिवशी सगळे येतील, जेवतील, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतील. मला तसं काही बोलायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची खोड तुला पहिल्यापासूनच होती, पण यावेळी तू हद्दच केलीस.

आठवतं का रे, आपली ओळख कशी झाली ते? मी तेल्हाऱ्याहून अमरावतीला बी.एस्सी. करायला आलेलो. हातातून वीज फेकणाऱ्या त्या परदेशी हिरोचा पहिला सिनेमा हिंदीत डब होऊन लागला होता. शेवटाकडे तो अख्ख्या अंधारलेल्या शहराची लाइट परत आणतो, सगळे दिवे एकेक करून लागायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्या टॉकीजची लाइट गेली. काळोख. शिट्ट्या, शिव्या, पंखे बंद. माझ्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, "अरे, त्या लाइनमनले बोलवा बे कोणी तरी!" टॉकीज असं हसलं की खुर्च्या हलल्या. वऱ्हाडात त्या हिरोला त्याचं खरं नाव पुन्हा कधी मिळालंच नाही. तो लाइनमन झाला तो झालाच.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मी तुला सांगत होतो की वीज अशी वागत नाही, माणसाच्या हातातून एवढा प्रवाह गेला तर हाताचा कोळसा होईल. तू बिस्किट चहात बुडवत शांतपणे म्हणालास, "मास्तर, वीज तुले मालूम. लाइनमन मले मालूम." मी तेव्हा मास्तर नव्हतो, वीस वर्षांचा पोरगा होतो. तू मास्तर म्हणायला लागलास आणि पुढे मी खरंच अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवायला लागलो.

मग पद्धतच पडली. एक भाग अमरावतीला, पुढचा अकोल्याला. तू माझ्याकडे यायचास नाहीतर मी तुझ्याकडे. सिनेमा संपला की कोणी उठायचं नाही, शेवटची नावं संपेपर्यंत बसायचं, कारण नावांनंतर अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा असतो आणि त्यात पुढच्या भागाची गोष्ट असते. झाडूवाल्या बाया आपल्या पायांशी झाडू आपटायच्या. "काय चिकटले काय रे खुर्चीले?" म्हणायच्या. तू त्यांनाही बसवून तो तुकडा दाखवायचास. पुढे व्हॉट्सअॅप आलं, तू ग्रुप काढलास, मोर्शीचा संत्रेवाला गोलू आला, तेल्हाऱ्याचे माझे चुलतभाऊ आले, कोणाकोणाचे मेहुणे आले. आता मी त्या ग्रुपवर नाही, त्यामुळे किती माणसं आहेत ते मला माहीत नाही. ते का, ते पुढे येईलच.

तुझ्या कामाबद्दल मात्र मला एक गोष्ट आधी सांगायची आहे, कारण सगळं तिथेच अडतं. तुझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, लग्न, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. श्रद्धांजलीच्या कामाची एक चौकट तू स्वतः बसवली होतीस, कडेला पांढरी फुलं, एका बाजूला समई, खाली शोकाकुल मंडळींची जागा. शहरातल्या निम्म्या चौकांत तीच चौकट लागायची. पण जिवंत माणसाचा फोटो तू त्यात कधी घातला नाहीस. नमुना दाखवायचा असला तरी तिथे जास्वंदाचं फूल असायचं. एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ आले, म्हणाले, वडील दवाखान्यात आहेत, डॉक्टर म्हणतात आज-उद्या, धावपळ नको म्हणून आधीच बनवून ठेवा. तू त्यांना चहा पाजलास आणि परत पाठवलंस. ते चिडले. तू म्हणालास, "काका, जित्या माणसाले या चौकटीत मी नाई घालत. नुसतं पाह्यालेबी नाई घालत. तुमी वडलांपाशी बसा." ते गेल्यावर मी तुझी चेष्टा केली, अंधश्रद्धाळू म्हणालो. तू म्हणालास, "असू दे ना बे. तुह्या घरचा फोटो असता म्हणजे?"

हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे होतं. सगळ्यांनी तुझ्या दुकानात बसून तुझा चहा प्यायला आहे. माझा राग मुळात इथून सुरू होतो.

आता शेवटच्या भागाकडे येतो. पाळी अकोल्याची होती. मल्टिप्लेक्सात अर्धं थिएटर आपलंच होतं. तू निळ्या विजेचं चिन्ह छापलेले टीशर्ट सगळ्यांना वाटलेस. संत्र्यांची पिशवी आत नेऊ दिली नाही म्हणून गोलूने दारावरच्या माणसाशी वाद घातला. मध्यंतरापर्यंत सगळं झकास चाललं होतं. आणि मग लाइनमन मेला. मेला म्हणजे, मरताना दाखवलंच नाही. वादळात तो एकटा कुठेतरी जातो, गोष्ट दुसरीकडे वळते, आणि नंतर त्याचे दोस्त तिथे पोचतात तेव्हा फक्त त्याचा कोट काटेरी तारेला लटकलेला असतो. शेवटचं वाक्य नाही. कोणाचा हात हातात नाही. पुढच्या प्रसंगात त्याची म्हातारी शेजारीण कप विसळत असते, आणि नावं सुरू.

मग गोलू उभा राहून पडद्यालाच ओरडला, "हे काय दाखवून राहिला बे? मरताना तरी दाखव!" कोणीतरी पॉपकॉर्न भिरकावले. माझा चुलतभाऊ, कपाशीच्या भावावरही कधी डोळ्यांत पाणी न आणणारा माणूस, टीशर्टच्या बाहीने तोंड पुसत होता. लोक नावं संपेपर्यंत बसले, नावांनंतर काही असेल, तो परत येईल या आशेवर. नावं संपली, पडदा पांढरा झाला, दिवे लागले. काही नव्हतं. तेव्हा शिव्यांना तोंड फुटलं. मोबाइलवर सगळीकडे तेच चाललेलं, जगभरचे लोक चिडलेले, कोणी दिग्दर्शकाचा पुतळा जाळायच्या गोष्टी करतोय, कोणी जुनी पोस्टरं फाडतोय.

आणि तू? तुला शेवट आवडला होता. मला आधी वाटलं तू आमची मजा घेतोयस. बसस्टँडवर तुझी गाडी लागेपर्यंत आपण भांडलो.

"एवढी वर्षं ज्याले पाह्यलं, त्याले निरोपबी देऊ दिला नाई," मी म्हणालो. रागात माझीही भाषा तेल्हाऱ्याला जाते.

"असंच तं असते, मास्तर. माणूस काय सांगून जाते काय?"

"खऱ्यात नसल जात. सिनेमात तं जावं. त्यासाठीच तं तिकीट काढतो आपण."

"मले पटलं," तू म्हणालास. "माहे अब्बा गेले तवा मी नागपूरले मशीन पाह्याले गेलतो. परत आलो तं घरात चप्पल होती त्यायची. बस, तो कोट पाह्यला अन् मले तेच आठोलं. खरं दाखवलं त्यानं."

तरी मी थांबलो नाही. मी म्हणालो, तुझ्या अब्बांचं दुःख या लोकांनी वापरलं आणि तू त्यांना टाळ्या वाजवतोयस. तू खिडकीतून हात केलास, गाडी निघाली. हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

अमरावतीला जाऊन तू लाइनमनची श्रद्धांजली छापलीस आणि चौकात लावलीस. तुझ्याच चौकटीत, फुलं, समई, कोपऱ्यात निळ्या विजेचं चिन्ह. तुझ्या नियमात ते बसत होतं, तो पडद्यावरचा होता आणि मेलेला होता. तू ते मनापासून केलंस हे मला कळलं. बाकीच्यांनी खाली उभं राहून दात काढत फोटो काढले. ग्रुपवर लोकांनी फाइल मागितली आणि तू दिलीस. इथे चुकलास, सलीम. दुसऱ्या दिवसापासून त्या चौकटीत ज्याला त्याला घालणं सुरू झालं. ज्याला शेवट आवडला, त्याची श्रद्धांजली. ज्याला आवडला नाही, त्याचीही. "सिनेमाच्या धक्क्याने निधन." "अकोल्याच्या बसस्टँडवर रडून रडून निधन." तू लिहिलंस की हे बंद करा, जित्या माणसाला त्यात घालू नका. त्यावर खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. तू ग्रुपचा मालक, आणि तुझं कोणी ऐकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर एक ओळ लिहिली, "हा शेवट नाही, ही फसवणूक आहे, आणि जो याला खरं म्हणतो तोही फसवतो आहे." थट्टेची कार्डं टाकणाऱ्या एकालाही तू काढलं नाहीस आणि मला एका ओळीसाठी ग्रुपमधून काढलंस. मी फोन केला. तू म्हणालास, "घेतो बे परत. जरा थंडा होऊ दे मले." नंतर तू बाकीचं सगळं बोललास, माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केलीस, पण परत घेतलं नाहीस. मीही म्हटलं नाही. अडलंय माझं खेटर, असं मनात म्हटलं.

एरवी तू असा नव्हतास. मला नोकरी लागली तेव्हा माझं तोंड लाइनमनच्या धडावर लावून दहा फुटांचा फ्लेक्स घेऊन अकोल्याला आलास आणि शाळेच्या फाटकावर बांधलास. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. तो फ्लेक्स अजून तेल्हाऱ्याला आमच्या गोठ्यावर आहे, मी पावसाळाभर म्हशीवर छाती काढून उभा असतो. माझ्यासाठी इतक्या उत्साहाने कोणी काही केलेलं नाही, सलीम, आईबापांनीही नाही. हे तुला कधी म्हटलं नाही. तू ऐकून घेतलं नसतंस, चेष्टेवर नेलं असतंस.

त्या सकाळी तू नमाजवरून आलास, दुकानाच्या पायरीवर बसलास, आणि उठलाच नाहीस. एवढंच इमरानने सांगितलं. छातीत दुखल्याचंही कोणाला बोलला नाहीस. घरच्यांनी नातेवाइकांना फोन केले. मराठी मित्रांना कळवायचं काम इमरानवर आलं. त्या बिचाऱ्याला तुझं मशीन चालवता येत नाही. त्याने कॉम्प्युटर लावला, समोर जी फाइल उघडली तिच्यातला फोटो बदलला, नाव बदललं, "मिट्टी आज असरच्या नमाजनंतर" म्हणजे दुपार कलल्यावर, असं लिहिलं आणि तुझ्याच फोनवरून ग्रुपवर टाकलं. कोपऱ्यातलं निळ्या विजेचं चिन्ह तसंच राहिलं. त्याला ते काढता आलं नाही, आणि कदाचित दिसलंही नाही.

लोक हसले. आठवडाभर प्रत्येकाचं कार्ड येत होतं, आता खुद्द अॅडमिनने स्वतःचं काढलं म्हणून सगळ्यांना फार आनंद झाला. "थांबा रे, नावं संपल्यावर उठते तो," असं एकाने लिहिलं. "पुढच्या भागात येते काय भाऊ?" असं दुसऱ्याने. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांची नावं मला माहीत आहेत, इमरानने मला ती तुझ्या मोबाइलवर दाखवली.

मला दुपारी मधल्या सुट्टीत गोलूने ते कार्ड पाठवलं. सोबत लिहिलं होतं, "सलीमभाऊबी मैदानात उतरला, आता तुमाले परत घेते पाहा." मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. तुझा फोटो त्या चौकटीत पाहिला आणि मला कळलं. विचार करावा लागला नाही. तू स्वतःला त्यात कधीच घातलं नसतंस. मी गोलूला फोन लावला.

"गोलू, हे खरं आहे."

"तुमीबी मिळून गेले ना त्याच्यात!" आणि हसला. "आमाले नका फसवू, मास्तरभाऊ."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो हसतच राहिला. मी फोन ठेवला आणि मिळेल त्या गाडीने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मी तुझा नंबर फिरवत होतो, थांबा म्हणायला, मी येतोय म्हणायला. तुझा फोन बंद. इमरानचा नंबर माझ्याकडे नव्हता, तुझ्याशिवाय मला तुझ्या घरात कोणाचा नंबर लागलाच नव्हता कधी. बडनेऱ्याला गाडी अडकली. मी खाली उतरून रिक्षा केली.

फोन का बंद होता, ते इमरानने नळापाशी सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. "मास्तरभाई, चाचानं मले इचारलं, बाहेरगावचं कोणी येऊन राह्यलं का, तं मगरिबपर्यंत थांबू. मी भाईजानचा मोबाइल पाह्यला. सारे हासून राह्यले होते. मले समजलंच नाई, काहून हासतात हे लोक? मी चाचाले म्हणलं, नाई, कोणी नाई. अन् मोबाइल बंद केला."

सलीम, लोक मावळतीच्या नमाजपर्यंत थांबायला तयार होते. तासाभराचा प्रश्न होता. इमरान माझ्यासोबत परत आत आला, मी ताज्या मातीवर तीन मुठी टाकल्या, तो शेजारी उभा राहिला. पण ते तसं नसतं. सगळ्यांबरोबर द्यायची असते मिट्टी, आणि मी ती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी दिली.

संध्याकाळी खात्री पटल्यावर ग्रुपवरच्या सगळ्यांनी आपापलं हसू पुसून टाकलं. परवा त्यांनी त्याच चौकात तुझा फ्लेक्स लावला, दुसऱ्याकडून छापून. तुझं तोंड लाइनमनच्या धडावर, हातातून वीज, खाली "आमचा खरा सुपरहिरो" आणि शोकाकुल म्हणून सगळ्यांचे फोटो, गॉगल लावलेले. गोलूने मला फोन करून शोकसभेत दोन शब्द बोलायला बोलावलं. मी गेलो आणि बोललो नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मिट्टीले काहून नाई आला?"

"आमाले वाटलं मजाक आहे."

"मी सांगतलं होतं तुले."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. "प्रेमानंच केलं, मास्तरभाऊ, जे केलं ते. खूप प्रेम होतं आमचं त्याच्यावर." असेल. पडद्यावरच्या माणसावरही होतं. त्याला मरताना दाखवलं नाही म्हणून हेच लोक थिएटर डोक्यावर घेत होते, आणि तुझी वेळ सांगून आली, जागा सांगून आली, तर घरी बसून हसले. मला त्याची कीव आली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि निघून आलो. बायको म्हणते, तू फार कडू झालायस. झालोय.

पण खरा राग त्यांच्यावर नाही, हे मला बसमध्ये कळलं. तू मला काढलंस म्हणून मला सकाळी ते कार्ड दिसलं नाही. दिसलं असतं तर मी दुपारी तुझ्या घरी असतो, इमरानच्या शेजारी उभा असतो, आणि चाचांनी विचारल्यावर तो म्हणाला असता की आला आहे अकोल्याचा एक माणूस. एका ओळीचा राग, तोही सिनेमावरून. तुला थंड व्हायला किती दिवस लागणार होते रे?

आता तू म्हणशील, पाहा, मास्तर, मी काय सांगत होतो, असंच असते, कोणी सांगून जात नाही, कोणी वेळेवर पोचत नाही, मागे चप्पल राहते. वाद जिंकल्यासारखा हसशील. हसू नकोस. तुझं म्हणणं खरं ठरलं म्हणून ते बरोबर होत नाही. मी त्या दिवशी बसस्टँडवर जे म्हणालो तेच आज म्हणतो, आणि आता मला कोणी ग्रुपमधून काढू शकत नाही. तो शेवट चुकीचा होता, सलीम. तुझ्या जनाज्याखाली माझा खांदा असायला पाहिजे होता.